ब्लॅक सिक्स, पण जे की एन?

माझ्या पीएचडीची साडेपाच वर्षं ज्या जनावरापायी गेली त्याचं वजन पंचवीस ग्रॅम असतं. गणपतीचं वाहन, मूषकराज वगैरे जेवढे म्हणून जोक आहेत ते घरच्यांनी पहिल्या सहा महिन्यांतच संपवले, सो ते सोडून डायरेक्ट मुद्द्यावर येते.

पुण्यातल्या एका संस्थेत मी २०१७ ला जॉइन झाले. लॅबचा विषय लिव्हर, त्यातही औषधांनी लिव्हर कशी खराब होते हा, आणि औषध कुठलं तर पॅरासिटामोल. हो तेच, ताप आला की आई देते ते. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या आत असेल तर सहसा काही होत नाही, पण एकदम मूठभर गोळ्या पोटात गेल्या तर दोन-तीन दिवसांत लिव्हर बसते, अमेरिका-इंग्लंडमध्ये लिव्हर अचानक फेल होण्याचं हे एक नंबरचं कारण आहे. गंमत म्हणजे गोळी स्वतः एवढी विषारी नसते. लिव्हरमधलं सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम तिच्यातल्या थोड्या भागाचं एका वाईट पदार्थात रूपांतर करतं, त्याला लॅबमध्ये सगळे नॅपकी म्हणतात, मग पेशींतलं ग्लुटाथायोन नावाचं एक रक्षक रसायन त्या नॅपकीला पकडून निकामी करतं, आणि ग्लुटाथायोनचा साठा संपला की नॅपकी मोकाट सुटून पेशींच्या प्रोटीन्सना चिकटत सुटतो. हे इतक्या ठामपणे सांगता येतं त्याच्यामागे उंदीरच आहेत. १९९६ साली अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या लोकांनी सीवायपी२ई१ चं जीनच काढून टाकलेले उंदीर घेतले, आणि ज्या डोसला साधे उंदीर मरत होते त्या डोसला हे जगले. एक जीन काढा आणि काय बदलतं ते बघा, नॉकआउट म्हणजे एवढंच. हे तंत्र काढणाऱ्या कापेकी, एव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं.

माझ्या गाईड सरांच्या डोक्यात दुसरं एक जीन होतं. त्याचं नाव सांगत नाही, का ते शेवटपर्यंत वाचलं की कळेल. सरांचं म्हणणं, हे जीन लिव्हरला वाचवत असणार. म्हणजे ते काढून टाकलं की पॅरासिटामोलने जास्त नुकसान दिसायला हवं. साधं सरळ गणित. त्या जीनचे नॉकआउट उंदीर परदेशातल्या एका रिपॉझिटरीत, म्हणजे असे उंदीर सांभाळून पाठवणाऱ्या संस्थेत, तयार होते, फक्त आणायचे होते.

"फक्त" आणायचे होते!

आधी संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, मग दिल्लीची आरसीजीएम ही सरकारी कमिटी, कारण जीन बदललेला प्राणी देशात आणायचा. मग प्राण्यांची एथिक्स कमिटी, तिचा फॉर्म बी, त्यात किती प्राणी, का एवढेच, का उंदीरच, दुखणार असेल तर काय करणार, शेवटी कसे मारणार, सगळं लिहायचं. मग डीजीएफटीचं, म्हणजे परदेश व्यापार खात्याचं, लायसन्स, तिकडच्या डॉक्टरचं हेल्थ सर्टिफिकेट, मुंबईत क्वारंटाइन. एक कागद येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची असं दोनदा झालं. जिवंत उंदीर न्यायला सगळ्या विमान कंपन्या तयारही नसतात. शेवटी २०१८ च्या ऑगस्टमध्ये, धो धो पावसात, आम्ही मुंबईच्या कार्गोवरून एक पांढरा प्लॅस्टिकचा खोका घेतला, बाजूला जाळीची फिल्टरवाली खिडकी, आत भुसा, खायला पेलेट्स आणि पाण्याऐवजी जेलीसारखं जेल, कारण बाटली प्रवासात गळते. सहा उंदीर, तीन जोड्या. एसी गाडीत तो खोका मांडीवर घेऊन मी एक्स्प्रेसवेने पुण्याला आले, ड्रायव्हर दादांनी विचारलं आत काय आहे, मी म्हटलं उंदीर, ते लोणावळ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आता ॲनिमल हाऊसबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटतं लॅब म्हणजे काचेची भांडी. माझा निम्मा वेळ डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात गाऊन घालून पिंजऱ्यांसमोर गेला. प्रत्येक पिंजऱ्याला फिल्टर केलेल्या हवेची वेगळी नळी, दिवे बारा तास चालू बारा तास बंद, खाली मक्याच्या कणसाचा भुसा तोही ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक केलेला. तिथे सगळं चालवायचे ते काका. काकांना डिग्री नाही, पण कुठली मादी व्यायली, कुठली पिल्लं खाणार, कुठल्या पिंजऱ्यातले नर आज रात्री एकमेकांची पाठ फोडणार हे त्यांना दारातूनच कळायचं. मी पहिल्यांदा व्यायलेल्या मादीचा पिंजरा उघडून पिल्लं मोजायला गेले तर काका मागून ओरडले, "ताई, तीन दिस हात लावू नगा, खाऊन टाकंल ती." मी हात लावला होता. दुसऱ्या दिवशी सातातली चारच होती.

उंदीर धरायला पण त्यांनीच शिकवलं. शेपटीच्या मुळाशी धरून जाळीवर ठेवायचा, तो पुढे ओढ घेतो, जाळी घट्ट धरतो, तेवढ्यात डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने मानेमागची सैल कातडी चिमटीत घ्यायची आणि करंगळीखाली शेपटी अडकवायची. सैल धरलं तर तो वळून चावतो, घट्ट धरलं तर त्याचा श्वास कोंडतो. या दोन्हीच्या मधली जागा सापडायला मला दीड महिना आणि तीन चावे लागले.

पिल्लू एकवीस दिवसांचं झालं की आईपासून वेगळं, तेव्हाच कानाला छोटा पंच. त्याने दोन कामं होतात, कुठल्या कानाला कुठे भोक यावरून नंबर कळतो आणि निघालेल्या टिकलीएवढ्या कातडीतून डीएनए मिळतो. मग पीसीआर, म्हणजे हव्या त्या डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या, मग जेलवर पट्टे. वरचा पट्टा एकटा म्हणजे साधा, खालचा एकटा म्हणजे नॉकआउट, दोन्ही असले तर हेट, म्हणजे एक प्रत आहे एक नाही. हेट आणि हेटची जोडी लावली की शाळेतला मेंडेल, चारात एक साधा, दोन हेट, एक नॉकआउट.

आणि इथेच आमचा शहाणपणा नडला.

पिंजऱ्यांचं भाडं असतं, लॅबच्या ग्रँटमधून दर दिवसाला कापलं जातं. हेट-हेट जोडी लावली की चारातलं एकच पिल्लू कामाचं, त्यातही आम्हाला फक्त नर हवे होते कारण पॅरासिटामोलचा त्रास माद्यांना कमी होतो आणि आकडे फाटतात. मग लॅब मीटिंगमध्ये ठरलं की नॉकआउट-नॉकआउट जोड्या लावू, सगळी पिल्लं नॉकआउटच होतील, आणि कंट्रोल म्हणून साधे उंदीर आपल्या ॲनिमल हाऊसच्या ब्लॅक सिक्स, म्हणजे लॅबमधल्या नेहमीच्या काळ्या उंदरांच्या, कॉलनीतून घेऊ. नॉकआउट पण ब्लॅक सिक्सच, कंट्रोल पण ब्लॅक सिक्स, रंग सेम, वय सेम, पैसे निम्मे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण. त्या कॉलनीच्या पिंजऱ्यांवर कार्ड होतं त्यावर नुसतं "बी६" लिहिलेलं, कोणातरी सिनियरने कधीकाळी आणलेली कॉलनी, तो आता तिकडे पोस्टडॉक.

प्रयोग असा असायचा. आदल्या संध्याकाळी खाणं काढायचं, कारण उपाशी पोटी ग्लुटाथायोन कमी होतं आणि सगळ्यांची सुरुवात एका पातळीवर येते. सकाळी पॅरासिटामोल सलाइनमध्ये विरघळवायचं, ते सहज विरघळत नाही, कोमट करावं लागतं आणि गार झालं की परत खडे धरतं, त्यामुळे सिरिंज भरून एका हातात गरम ठेवायची आणि दुसऱ्या हाताने उंदीर. किलोला ३०० मिलिग्रॅम, पोटात इंजेक्शन. दोन-तीन तासांनी ते कोपऱ्यात जातात, पाठीला बाक येतो, केस विस्कटतात, डोळे अर्धे मिटतात. तासातासाला जाऊन बघायचं आणि फार वाईट अवस्था असेल तर चोवीस तासांची वाट न बघता संपवायचं, हे फॉर्म बी मध्येच लिहून दिलेलं असतं. ते करताना काही वाटत नाही म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि दर वेळी रडू येतं म्हणणाऱ्यांवर पण नाही. मला वाटायचं ते असं की आता यातून निघालेला आकडा नीट असू दे बाबा.

आकडे भारी आले. साध्या उंदराच्या रक्तातलं एएलटी, म्हणजे लिव्हर खराब झाली की वाढणारं एन्झाइम, एरवी तीस-चाळीस असतं, पॅरासिटामोलनंतर आमच्या कंट्रोलमध्ये ते चार-पाच हजार, आणि नॉकआउटमध्ये दहा हजारांच्या वर. लिव्हर कापली तर नॉकआउटची ठिपक्याठिपक्यांची, फिकट, मायक्रोस्कोपखाली शिरांभोवतीच्या पेशींची मोठमोठी मेलेली बेटं. जीन नाही तर नुकसान दुप्पट! सर खूश, मी खूश, परत केलं, परत तेच. दोन फेऱ्यांत मिळून ९६ उंदीर. घरी आईला फोन करून सांगितलं की माझं पीएचडी झालं समज.

डिसेंबर २०१९, हैदराबादची कॉन्फरन्स. माझं पोस्टर. साधारण पन्नाशीच्या एक मॅडम आल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ग्राफ बघितला आणि विचारलं, "कंट्रोल लिटरमेट आहेत का?" म्हणजे एकाच आईच्या, एकाच वेतातल्या भावंडांतलेच का. मी म्हटलं नाही मॅडम, पण सेम ब्लॅक सिक्सच आहेत. "जे की एन?" मी गप्प. म्हणजे मला प्रश्नच कळला नाही खरं तर. त्या हसल्या पण नाहीत, चिडल्या पण नाहीत, फक्त म्हणाल्या, "बघून घे हं एकदा," आणि चहाला गेल्या.

रात्री हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. या काळ्या उंदराचं पूर्ण नाव सी५७बीएल/६. त्यातला ५७ म्हणजे एका मादीचा नंबर. ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये हौसेचे उंदीर पाळून विकायच्या, त्यांच्याकडच्या ५७ नंबरच्या मादीपासून १९२१ मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी हा वंश सुरू केला, पुढे १९२९ ला त्यांनीच मेनमधल्या बार हार्बरला जॅक्सन लॅब काढली. १९५१ मध्ये तिथले काही उंदीर एनआयएचने नेले. बस, तिथून दोन घराणी. जॅक्सनमध्ये राहिले ते "जे" (J), एनआयएचला गेले ते "एन" (N). भावकी वेगळी झाली की जसं होतं तसंच, आडनाव एक, पण दोन्हीकडे आपापले बदल साठत गेले. जे मध्ये कधीतरी एनएनटी नावाच्या जीनचा मोठा तुकडा आपोआप गळून पडला, हे जीन मायटोकॉन्ड्रियात एनएडीपीएच बनवतं, वापरलेलं ग्लुटाथायोन परत ताजं करायला तेच लागतं, म्हणजे ग्लुटाथायोनच्या कारभाराशी थेट संबंध. एन मध्ये ते शाबूत, पण त्यांच्यात डोळ्याच्या पडद्याचं एक जीन बिघडलेलं. आणि आंतरराष्ट्रीय नॉकआउट प्रकल्पात हजारो जीन्सचे जे उंदीर बनवले ते एन च्या पेशींतून बनवलेत. आमचे त्यातलेच होते. ते पाठवताना सोबत आलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं, सी५७बीएल/६एन. मी तो कागद कस्टम्ससाठी किमान वीस वेळा झेरॉक्स केला असेल.

मग तो पेपर सापडला, २०११ चा. पॅरासिटामोलच्याच प्रयोगात एका दुसऱ्या जीनवरून लॅबा-लॅबांत वाद होता, आणि कारण निघालं की कंट्रोल चुकीच्या घराण्यातले होते. एन उंदीर मुळातच जे पेक्षा पॅरासिटामोलला जास्त नाजूक असतात. जीनबिन काही न काढता. माझा अख्खा ग्राफ त्या एका वाक्यात बसत होता. एसी चालू होता तरी मला घाम फुटला हे आठवतंय.

पुण्याला आल्यावर पहिलं काम, ॲनिमल हाऊसच्या "बी६" कॉलनीतून कानाचे दहा तुकडे. एनएनटीची पीसीआर तीन प्रायमरची असते, जे चा पट्टा एका उंचीवर, एन चा दुसऱ्या. जेल चालायला पाऊण तास लागतो, मी तिथेच स्टूलवर बसून निळा रंग खाली उतरताना बघत होते. यूव्हीखाली धरलं. दहाच्या दहा जे. शेजारी आमच्या नॉकआउटचे दहा, दहाच्या दहा एन. इतकं सुंदर जेल माझ्या आयुष्यात परत आलं नाही, पट्टे अगदी पट्टीने आखल्यासारखे.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ जेलकडे बघत होते. मग म्हणाले, "असू शकतं, पण जीनचाही थोडा इफेक्ट असेल ना?" मलाही तेच हवं होतं. कळणार कसं, तर एकच मार्ग, भावंडं. दुसऱ्या एका ॲनिमल हाऊसमधून शुद्ध एन माद्या मागवायच्या, आपल्या नॉकआउट नरांशी लावायच्या, सगळी पिल्लं हेट, मग हेट-हेट लावायचे आणि त्यांच्या पोरांतलेच साधे आणि त्यांच्यातलेच नॉकआउट शेजारी शेजारी ठेवायचे. सुरुवातीला ज्याचे पैसे वाचवले तेच.

त्यासाठी नवीन प्राणी, म्हणजे परत एथिक्स कमिटी. या कमिटीत प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या सीपीसीएसईए समितीने, आता तिला सीसीएसईए म्हणतात, नेमलेला बाहेरचा माणूस असतोच, आमच्याकडे एक निवृत्त व्हेटर्नरी डॉक्टर बाई होत्या. त्यांनी चष्म्यातून वर बघून विचारलं, "म्हणजे आधीचे ९६?" मी म्हटलं, कंट्रोल वेगळ्या सबस्ट्रेनचे असल्यामुळे त्या डेटाचा अर्थ लावण्यात मर्यादा आहेत. त्या म्हणाल्या, "मराठीत सांग." मी म्हटलं, वाया गेले. त्यांनी मिनिट्समध्ये तसंच लिहायला लावलं.

मंजुरी मिळाली, माद्या आल्या, फेब्रुवारी २०२० मध्ये हेटची पहिली वेतं झाली, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. ॲनिमल हाऊस बंद करता येत नाही, पण माणसं कमी म्हणून पिंजरे निम्म्याच्या निम्मे करा असा आदेश आला. कुठले ठेवायचे कुठले नाही याची यादी मी घरून फोनवर काकांना सांगत होते, काका एकेक कार्ड वाचून दाखवायचे, मी ठेवा किंवा नको म्हणायचे. सहा पिंजरे ठेवले. काका रोज दत्तवाडीतून पोलिसांना पास दाखवत सायकलवर यायचे. त्याच दिवसांत जगभर करोनावाले एका वेगळ्याच उंदराच्या मागे लागले होते, माणसाचं एसीई२ जीन, म्हणजे करोनाचा विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो त्याचं जीन, घातलेला, पहिल्या सार्सनंतर २००७ मध्ये आयोवात बनवलेला, मधल्या काळात त्याला कोणी विचारत नव्हतं आणि तो जॅक्सनमध्ये गोठवलेल्या वीर्याच्या रूपात पडून होता. उंदरांची एखादी लाइन, म्हणजे वंश, बंद करताना थोडं गोठवून ठेवा असं सांगतात त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२०२० च्या दिवाळीनंतर हेट-हेट जोड्या लागल्या. ७१ पिल्लं झाली. त्यात साधे नर नऊ, नॉकआउट नर दहा. प्रयोगाला आठ आणि आठ. म्हणजे सोळा उंदरांसाठी ७१ जन्माला घातले, बाकीच्या माद्या, हेट, उरलेले नर, त्यातल्या थोड्या ब्रीडिंगला ठेवल्या, काही ज्युनियर्सना धरायला शिकायला गेले, बाकीचे सीओटू देऊन संपवले. हे गणित मला अजून नीट पचलेलं नाही. प्राणी कमीत कमी वापरा हे तत्त्व रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि ते प्रत्येक ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात, आम्ही नॉकआउट-नॉकआउट लावून नको त्या जीनचा एकही उंदीर जन्माला घातला नव्हता, कागदावर आमचा आकडा सुंदर होता, आणि त्यातला एकही उंदीर काही सांगत नव्हता. भावंडांचा प्रयोग बरोबर, पण पाऊण पिल्लं नको असलेली. दोन्हीतलं काय कमी वाईट हे मला विचारलं तर मी भावंडं म्हणेन, पण लगेच नाही, थोडं थांबून.

यावेळी पिंजऱ्यांचे नंबर काकांनी बदलून दिले, कुठला कोण हे मला माहीत नव्हतं. कोमट सिरिंज, पोटात इंजेक्शन, तेच कोपरे, तेच बाक आलेले पाठीचे कणे. चोवीस तासांनी रक्त, लिव्हर. एएलटीची प्लेट वाचली, मग काकांकडून कागद घेतला आणि आकडे दोन रांगांत मांडले.

दोन्हीकडे दहा हजारांच्या आसपास. काही फरक नाही. आमचं जीन लिव्हरला वाचवत नव्हतं, निदान या डोसला, या वयाला, या उंदरात तरी. पहिल्या फेरीत जे दिसलं होतं ते फक्त एन आणि जे मधलं अंतर होतं, जे लोकांनी आधीच छापलेलं होतं. थिसिसमध्ये तो चॅप्टर आहे, पेपर झाला नाही, दोन ठिकाणी पाठवला, दोन्हीकडून "नवीन काही नाही" म्हणून परत आला. सर नंतर माझ्याशी थोडे तुटक वागायला लागले पण ते जाऊ दे.

लाइन बंद करायची ठरली. वीर्य गोठवून ठेवलं. वर्षाच्या शेवटी कमिटीपुढे रिपोर्ट असतो, किती आणले, किती जन्मले, किती वापरले. त्याच डॉक्टर बाई होत्या. त्या म्हणाल्या, मोठ्याने वाच. मी वाचलं, आणले सहा, मागवलेल्या माद्या चार, कॉलनीतून घेतलेले कंट्रोल ४८, पहिल्या फेऱ्यांतले नॉकआउट ४८, वाया, मग हेटची वेतं, मग ७१, मग सोळा. त्यांनी विचारलं, "आता ॲनिमल हाऊसच्या कार्डांवर काय लिहिता?" मी म्हटलं, जे किंवा एन, आणि एनएनटीची पीसीआर कधी केली ती तारीख. त्यांनी सही केली आणि पुढची फाइल ओढली, ती कुणाची तरी सशांची होती.